शाळेने कामच सांगितले नाही, तर पालक येणार कसे?

पालकसभा संपत आली की मुख्याध्यापक एक वाक्य हमखास बोलतात : शाळा आपलीच आहे, तेव्हा सर्वांनी शाळेच्या कामात सहभागी व्हावे. सभेतली मंडळी माना डोलावतात, हजेरीच्या कागदावर सह्या करतात, आपल्या मुलाच्या वर्गशिक्षकांना गाठून दोन शब्द बोलतात आणि घरी जातात. पुढच्या सभेपर्यंत कोणी फिरकत नाही. मग शिक्षकांच्या खोलीत पालकांच्या अनास्थेविषयी बोलणे होते आणि घरोघरी शाळेच्या कारभाराविषयी. मला या दोन्ही तक्रारी नेम चुकलेल्या वाटतात. लोक येत नाहीत याचे कारण अनास्था आहे, असे फार थोड्या ठिकाणी म्हणता येईल. बहुतेक ठिकाणी नेमके कोणते काम करायचे आहे, ते किती वेळ चालेल, कोणाच्या देखरेखीखाली करायचे आणि येत नसेल तर कोण शिकवणार, हे त्यांना कोणी सांगितलेलेच नसते. शाळेला स्वयंसेवक हवे असतील तर आवाहनाचा सूर अधिक कळकळीचा करून भागणार नाही. शाळेने आधी काम तयार करून ठेवायला हवे.

या म्हणण्याला एका मोठ्या प्रयोगाचा आधार आहे. उत्तर प्रदेशातील जौनपूर जिल्ह्यात २००५-०६ च्या सुमारास ‘प्रथम’ या संस्थेने २८० गावांचा एक प्रयोग केला आणि अभिजित बॅनर्जी, रुक्मिणी बॅनर्जी, एस्थर डुफ्लो व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचे मोजमाप केले. निष्कर्ष २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. सोडत पद्धतीने गावांचे गट पाडले होते. काही गावांत सभा घेऊन लोकांना शाळेची स्थिती आणि ग्रामशिक्षण समितीचे अधिकार समजावून सांगितले. काही गावांत याच्या जोडीला मुलांच्या वाचनाची सोपी चाचणी कशी घ्यायची तेही लोकांना शिकवले, म्हणजे आपल्या गावातल्या किती मुलांना वाचता येत नाही हे त्यांना स्वतःच पडताळून पाहता यावे. तिसऱ्या गटातल्या गावांत या दोन्ही गोष्टींबरोबर आणखी एक गोष्ट केली : गावातल्या इच्छुक तरुणांना वाचन शिकवण्याची एक सोपी पद्धत शिकवून शाळेच्या वेळेबाहेर वाचनवर्ग घ्यायला सांगितले.

पहिल्या दोन गटांत जवळजवळ काहीच घडले नाही. माहिती मिळाली, आकडे डोळ्यांसमोर आले, सभेत चर्चाही झाली. पण पालक शाळेत अधिक जाऊ लागले नाहीत, समिती अधिक जागी झाली नाही आणि मुलांच्या वाचनातही फरक पडला नाही. तिसऱ्या गटात मात्र बहुतेक गावांतून स्वयंसेवक पुढे आले, वर्ग भरले आणि त्या वर्गांना जी मुले गेली त्यांचे वाचन स्पष्टपणे सुधारले. अक्षर न ओळखणारी मुले अक्षरे ओळखू लागली, शब्दांपाशी अडलेली पुढे सरकली. एकाच जिल्ह्यातली, एकाच तऱ्हेची माणसे. ‘तुमचे हक्क जाणून घ्या आणि शाळेवर लक्ष ठेवा’ असे सांगितल्यावर गप्प राहिली आणि ‘या मुलांना, या पद्धतीने, रोज इतका वेळ शिकवा’ असे सांगितल्यावर कामाला लागली. पालकांच्या अनास्थेविषयी बोलताना हा फरक विसरून चालणार नाही.

याच प्रयोगाची दुसरी बाजूही तितकीच बोलकी आहे, आणि तो सांगताना ती सहसा गाळली जाते. त्या वर्गांना गावातल्या दर दहा मुलांमागे एक मूलही आले नाही. शिवाय वर्ग शाळेबाहेर भरत होते, त्यामुळे शाळेच्या चार भिंतींच्या आत जे चालले होते ते तसेच चालू राहिले. म्हणून स्वयंसेवकाचे काम शाळेच्या दिनक्रमात, शिक्षकाच्या माहितीने आणि शिक्षकानेच निवडलेल्या मुलांबरोबर व्हायला हवे, असे मला वाटते. ज्याला खरी गरज आहे ते मूल संध्याकाळच्या वर्गाला आपणहून येईल, ही आशा फोल असते. ते मूल शाळेत मात्र रोज बसलेले असते.

काम तयार करणे म्हणजे काय, हे एका उदाहरणातून स्पष्ट होईल. मागे पडलेल्या एका मुलाला रोज वीस मिनिटे शेजारी बसवून वाचून घेणे हे स्वयंसेवकासाठी सर्वांत उपयोगी काम आहे, कारण वर्गातल्या एकट्या शिक्षकाला कितीही मनात असले तरी तेवढा वेळ काढता येत नाही. वरवर पाहता याला कसले प्रशिक्षण लागते, असे वाटेल. पण वाचता येणारा प्रौढ माणूस अडलेल्या मुलाशेजारी बसला की पहिल्याच मिनिटाला एक चूक करतो : मूल थांबले की तो शब्द सांगून टाकतो. मूल तो शब्द उच्चारून पुढे जाते, पुन्हा अडते, पुन्हा त्याला शब्द मिळतो. दहा मिनिटांनी पान संपते, दोघेही खूश असतात, आणि प्रत्यक्षात त्या प्रौढाने अर्धे पान वाचलेले असते.

न्यूझीलंडमध्ये १९७० च्या दशकाच्या अखेरीस ऑकलंडच्या दक्षिण भागात पालकांसाठीच एक पद्धत बसवली गेली. तिचा गाभा असा की आधी थांबायचे, मग सुचवायचे आणि मग शाबासकी द्यायची. मूल अडले किंवा चुकले तर पाच सेकंद काहीही बोलायचे नाही, कारण कितीतरी चुका मुले वाक्य संपेपर्यंत स्वतःच दुरुस्त करतात. तशी दुरुस्ती झाली नाही तर चूक कोणत्या जातीची आहे ते पाहून सूचना द्यायची. ‘तहानलेल्या कावळ्याला घडा दिसला’ हे वाक्य एखाद्या मुलाने ‘कावळ्याला घोडा दिसला’ असे वाचले, तर अक्षरांकडे त्याचे लक्ष आहे पण अर्थ सुटला आहे. तेव्हा ‘कावळ्याला तहान लागली आहे ना, मग तो काय शोधत असेल?’ असे विचारायचे. त्याच जागी त्याने ‘कावळ्याला माठ दिसला’ असे वाचले, तर त्याला अर्थ कळला आहे पण त्याने अक्षरांकडे न पाहता अंदाज ठोकला आहे. तेव्हा ‘अर्थ जुळतो, आता पहिले अक्षर पुन्हा पाहा’ असे म्हणायचे. दोन सूचनांनंतरही जमले नाही तरच शब्द सांगायचा. आणि शाबासकी ‘छान, छान’ अशी मोघम द्यायची नाही. ‘तू मागे जाऊन स्वतःच चूक सुधारलीस’ असे नेमके सांगायचे. ही पद्धत एका दुपारी शिकवता येते आणि दोन-तीन वेळा कोणी शेजारी बसून पाहिले की अंगवळणी पडते. ती कोणी न शिकवता येत मात्र नाही. सगळ्यांत अवघड जातात ते गप्प राहण्याचे पाच सेकंद, आणि सुशिक्षित माणसाला ते विशेष अवघड जातात, हेही जाता जाता नोंदवायला हरकत नाही.

स्वयंसेवकांकडून होणाऱ्या अशा शिकवण्याचे मोजमाप पुष्कळदा झाले आहे. २००९ मध्ये शिक्षण-संशोधक गॅरी रिटर आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या २१ काटेकोर अभ्यासांचे निष्कर्ष एकत्र करून पाहिले, तेव्हा स्वयंसेवकांच्या मदतीचा वाचनावर मध्यम स्वरूपाचा पण खरा परिणाम दिसला, आणि ज्या कार्यक्रमांत कामाची आखणी पक्की होती ते मोकळ्या-ढाकळ्या कार्यक्रमांपेक्षा एकूण वाचनात सरस ठरले. म्हणजे पुन्हा तेच : आखणी.

शाळेत इतर कामे पुष्कळ असतात. ग्रंथालयातली पुस्तके लावणे, नोंदी करणे, मैदानाची देखभाल, स्नेहसंमेलनाची तयारी, सहलीला सोबत जाणे, आपल्या व्यवसायाविषयी मुलांशी बोलणे. ही सगळी कामे चांगली आहेत आणि ती कोणालाही करता येतात. त्यांविषयी फार लिहिण्याजोगे नाही. एकच पथ्य पाळावे : आलेल्या माणसाचा वेळ वाया जाऊ देऊ नये. जपानमध्ये १९६० पासून शाळांत एक उपक्रम चालू आहे. वस्तूंच्या वेष्टनांवर घंटेची छोटी खूण छापलेली असते, त्या खुणा कापून, कंपनीनुसार वेगळ्या करून, मोजून पाठवल्या की जमलेल्या गुणांवर शाळेला साहित्य मिळते. हेतू उत्तमच होता. पण नखाएवढे कागदाचे तुकडे मोजत बसण्यासाठी कामावरून रजा काढून शाळेत यावे लागते, ही तिथल्या मातांची तक्रार इतकी वाढली की पालक-शिक्षक संघ हवेतच कशाला, असा प्रश्न उघडपणे विचारला जाऊ लागला. त्यात सदस्यत्व कागदोपत्री ऐच्छिक आणि प्रत्यक्षात सक्तीचे, पदाधिकारी ठरवायला चिठ्ठ्या टाकायच्या, अशी अवस्था अनेक ठिकाणी आहे. सक्तीने आणलेला स्वयंसेवक हा नुसता शब्दांचा घोळ नाही. त्याने पुढच्या दहा वर्षांच्या स्वयंसेवकांची उमेद खच्ची होते.

आता पालकांकडे वळू. पालकांनी शाळेत वेळ द्यावा असे सांगताना बहुधा एक आमिष दाखवले जाते : तुम्ही शाळेत आलात तर तुमच्या मुलाची प्रगती होईल. हे आमिष मोडीत काढायला हवे, कारण ते खरे असल्याचा पुरावा फार कच्चा आहे. कीथ रॉबिन्सन आणि एंजल हॅरिस या समाजशास्त्रज्ञांनी अमेरिकेतील अनेक वर्षांची राष्ट्रीय सर्वेक्षणे तपासून पालक-सहभागाच्या साठाहून अधिक प्रकारांचा मुलांच्या गुणांशी संबंध लावून पाहिला आणि २०१४ मध्ये आपले निष्कर्ष मांडले. बहुतेक प्रकारांचा गुणांवर ठळक असा चांगला परिणाम त्यांना सापडला नाही; शाळेतल्या सभांना जाणे किंवा गृहपाठात मदत करणे यांसारख्या गोष्टी, ज्यांचा आपण सतत उपदेश करतो, त्याही याला अपवाद ठरल्या नाहीत. मला या निष्कर्षाने निराश व्हावेसे वाटत नाही. उलट त्यामुळे विचार स्वच्छ होतो. आपल्या मुलाचे गुण वाढावेत म्हणून शाळेत जाणारा पालक वर्गात बसून आपल्याच मुलाकडे पाहत राहतो, शिक्षकाशी आपल्याच मुलाविषयी बोलतो, आणि गुण वाढले नाहीत की येणे सोडतो. ज्या मुलाच्या घरी त्याचे वाचन ऐकायला कोणाला वेळ नाही, त्याच्या शेजारी बसण्यासाठी जो येतो त्याचे काम मोजता येते, शिकवता येते आणि टिकतेही. म्हणून स्वयंसेवकाला शक्यतो त्याच्या स्वतःच्या मुलाच्या वर्गात काम देऊ नये, असा नियम शाळांनी करावा. काही पालक नाराज होतील, होऊ द्यावेत.

इथे एक अडचणीचा प्रश्न उभा राहतो. शाळेत कोण येऊ शकतो? दिवसा ज्याला मोकळा वेळ आहे, शाळेच्या कार्यालयात पाऊल टाकताना ज्याला बिचकायला होत नाही आणि ज्याला शिक्षकांशी बरोबरीच्या नात्याने बोलता येते, तोच येतो. समाजशास्त्रज्ञ ॲनेट लॅरो यांनी १९८० च्या दशकात अमेरिकेतल्या दोन प्राथमिक शाळांचा अभ्यास केला, तेव्हा कामगार वस्तीतल्या पालकांना मुलांच्या शिक्षणाची ओढ मध्यमवर्गीय पालकांपेक्षा कमी होती असे त्यांना आढळले नाही. शिकवणे हे शिक्षकाचे काम, आपण त्यात काय लुडबूड करणार, अशी त्यांची समजूत होती, आणि तिच्या मुळाशी शिक्षकाविषयीचा आदर व स्वतःच्या शिक्षणाविषयीचा संकोच होता. मध्यमवर्गीय पालकांना असला संकोच नव्हता, म्हणून ते शाळेत दिसत होते. जो दिसतो तो जागरूक आणि जो दिसत नाही तो बेफिकीर, असा हिशेब शाळा करत राहिली तर स्वयंसेवकांची योजना ज्यांचे आधीच बरे चालले आहे त्यांच्याच हाती जाते. रोजंदारीवरच्या पालकाला सकाळी अकराला बोलावणे म्हणजे त्याला न बोलावणेच. त्याच्यासाठी सुटीच्या दिवशी किंवा संध्याकाळी होण्याजोगे काम काढायला हवे, आणि ज्याला वाचता येत नाही त्यालाही देण्यासारखे काही असतेच : गवंड्याला मापे ठाऊक असतात, शेतकऱ्याला बियाणे आणि माती, आजीला गोष्टी. मूल वाचत असताना नुसते लक्ष देऊन ऐकणारा माणूस निरक्षर असला तरी बिघडत नाही. फक्त हे सगळे शाळेने त्याच्या घरी जाऊन, तोंडी आणि नेमके विचारले पाहिजे. फळ्यावर लावलेली सूचना त्याच्यापर्यंत पोहोचत नाही.

ज्यांची मुले शाळेत नाहीत अशा लोकांचा विचार तर आपण जवळजवळ करतच नाही, आणि इथे सर्वांत मोठी संधी आहे असे माझे मत आहे. निवृत्त माणसाकडे वेळ असतो, धीर असतो आणि वर्गात त्याचे स्वतःचे मूल नसल्याने पक्षपाताचा प्रश्न येत नाही. अमेरिकेत १९९० च्या दशकात सुरू झालेल्या ‘एक्स्पिरियन्स कोअर’ या उपक्रमात ज्येष्ठ नागरिक प्राथमिक शाळांत आठवड्याला सुमारे पंधरा तास मुलांना वाचनात मदत करू लागले. त्याची रचना पाहण्यासारखी आहे : एकेका शाळेत एकटादुकटा माणूस न पाठवता गट पाठवायचा, आधी प्रशिक्षण द्यायचे, वर्षभराची बांधिलकी घ्यायची आणि येण्याजाण्याच्या खर्चासाठी थोडे मानधन द्यायचे. बाल्टिमोरमधल्या संशोधकांनी मुलांबरोबरच या ज्येष्ठांचाही अभ्यास केला, कारण या कामाने त्यांची हालचाल वाढते का, बुद्धी तल्लख राहते का, हे त्यांना जाणून घ्यायचे होते, आणि सुरुवातीच्या निरीक्षणांत तशी आशादायक चिन्हे दिसलीही. मानधनाच्या कल्पनेला नाक मुरडणारे लोक असतात. पैसे घेतले की सेवा कसली, असे ते म्हणतात. ज्याला बसभाडे परवडत नाही त्यालाही सेवा करण्याचा हक्क आहे, एवढेच त्यांना सांगावेसे वाटते.

शिक्षकांच्या मनातली धास्ती मात्र हलक्याने घेण्यासारखी नाही. बाहेरचा माणूस वर्गात आला की तो दोन गोष्टी पाहतो आणि चार बाहेर जाऊन सांगतो, हा अनुभव पुष्कळ शिक्षकांच्या गाठीशी असतो. येल विद्यापीठातील मनोविकारतज्ज्ञ जेम्स कोमर यांनी १९६८ मध्ये न्यू हेवन शहरातल्या दोन शाळांत पालक, शिक्षक आणि मुख्याध्यापक यांना शाळेच्या नियोजनासाठी एकत्र बसवले, तेव्हा बैठकीसाठी एक नियम घातला होता : चूक कोणाची हे शोधायचे नाही, पुढे काय करायचे तेवढेच बोलायचे. निर्णय शक्यतो मतदानाने न करता एकमताने करायचे. हा नियम स्वयंसेवकांनाही लागू करावा. वर्गात मुलांविषयी जे दिसले, ऐकले ते बाहेर बोलायचे नाही. शिक्षकाच्या पद्धतीविषयी शंका असेल तर ती शिक्षकालाच, खाजगीत विचारायची. देखरेखीचे काम पालकांनी करू नये असे मी म्हणत नाही. पण त्यासाठी समित्या असतात, आणि समितीचा सदस्य म्हणून बसणारी व्यक्ती त्याच वेळी वर्गातली मदतनीस असू नये. दोन टोप्या एका डोक्यावर आल्या की शिक्षक गप्प बसतात.

मुलांच्या सुरक्षिततेबाबत तडजोड नाही. गावातला ओळखीचा माणूस आहे, चांगल्या घरातला आहे, एवढ्यावर कोणालाही मुलांमध्ये सोडता कामा नये. चारित्र्य पडताळणी व्हावी, स्वयंसेवकाने मुलाबरोबर बंद खोलीत एकटे बसू नये, वाचनाची जागा येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या नजरेत असावी, मुलांचे फोटो काढू नयेत आणि शाळेबाहेर त्यांच्याशी परस्पर संपर्क ठेवू नये. इंग्लंडमध्ये यासाठी २०१२ पासून स्वतंत्र सरकारी यंत्रणा आहे आणि स्वयंसेवकांच्या पडताळणीसाठी ती शुल्क घेत नाही. अशा अटींनी चांगली माणसे दुखावतील, अशी भीती घातली जाते. समजूतदार माणसाला त्या अटी मुलांसाठी आहेत हे कळते. ज्याला त्या अपमानकारक वाटतात त्याला नम्रपणे परत पाठवणेच बरे.

सर्वांत गंभीर आक्षेप शासनाच्या जबाबदारीचा आहे. शिक्षकांच्या जागा रिकाम्या ठेवायच्या आणि गावकऱ्यांनी सेवाभावाने वर्ग सांभाळावेत असे म्हणायचे, ही लबाडी आहे आणि तिला स्वयंसेवेचे गोंडस नाव देऊन खपवून घेऊ नये. यासाठी एक सोपी कसोटी लावता येते : उद्या स्वयंसेवक आला नाही तर वर्ग बंद पडतो का? पडत असेल तर ते काम पगारी, प्रशिक्षित शिक्षकाचे आहे आणि ते त्यालाच मिळाले पाहिजे. वर्ग चालू राहून फक्त एका मुलाची वीस मिनिटे हुकली, तर ते काम स्वयंसेवकाचे होते. ही कसोटी पालकांनी आग्रहाने लावावी. शाळेत नियमित येणाऱ्या लोकांनाच रिकाम्या जागा सर्वांत आधी दिसतात, आणि त्यांनी त्याविषयी लिहिलेल्या अर्जाला वजन असते.

हे सारे फुकटात होत नाही, ही गोष्ट शाळांनी आणि शिक्षण खात्यानेही मान्य करायला हवी. स्वयंसेवकांशी बोलणे, त्यांना शिकवणे, कोणत्या मुलाबरोबर कोण बसणार हे ठरवणे, कोणी आले नाही तर पर्याय काढणे, मुलाची प्रगती वर्गशिक्षकापर्यंत पोहोचवणे, हे एका माणसाचे काम आहे आणि ते त्याच्या इतर कामांवर चढवून होणार नाही. एका शिक्षकाच्या आठवड्यातल्या तीन-चार तासिका त्यासाठी मोकळ्या कराव्या लागतील. सुरुवात पाच-सहा स्वयंसेवकांनी, एका इयत्तेपुरती आणि एका सत्रापुरती करावी. सत्र संपले की ज्याला थांबायचे आहे त्याला मोकळेपणाने थांबता यावे, म्हणजे लोक हो म्हणताना कचरत नाहीत. आणि ज्या शाळेला त्या तीन-चार तासिका काढणे शक्य नाही, तिने यंदा कोणालाच बोलावू नये. मुलाशेजारी बसायला आलेल्या माणसाला कार्यालयाबाहेर ताटकळत ठेवले, तर तो पुन्हा येत नाही आणि ज्यांना तो ही हकिगत सांगतो तेही येत नाहीत.